दिवा उसना, मोजपट्टीही उसनी : घरच्या प्रवाळ-टाकीतल्या उजेडाचा इतिहास

मागच्या काही पोस्टमध्ये आपण चल, निर्देशक, 'ऑपरेशनल डेफिनिशन' हे सगळं पेट आणि नेटच्या अभ्यासक्रमाच्या भाषेत पाहिलं. व्याख्या पाठ होतात, पण प्रत्यक्ष कामात त्या कुठे चावतात ते कळत नाही, अशी तक्रार बऱ्याच जणांनी केली. म्हणून आज तोच मुद्दा एका आडवाटेने घेऊन आले आहे. खाऱ्या पाण्याच्या टाकीत प्रवाळ पाळायचे असतील, तर नवशिक्याने कमी पैशात कोणता दिवा घ्यावा?

हसू नका. काच, पंप, मीठ यांचा खर्च साधारण ठरलेला असतो. बजेट कोसळतं ते दिव्यावर. काही हजारांपासून एखाद्या चांगल्या लॅपटॉपच्या किमतीपर्यंत दिवे मिळतात, आणि प्रत्येक खोक्यावर वेगळा आकडा ठळक छापलेला असतो. कुठे वॉट, कुठे केल्विन, कुठे लुमेन. मी प्रकाशसंश्लेषणावर काम करते, लॅबमध्ये एकपेशीय शेवाळ वाढवते, त्यामुळे 'कमी ग्रँटमध्ये कोणता दिवा?' हा प्रश्न माझ्याही टेबलावर असतोच. त्याचं उत्तर शोधताना प्रवाळ पाळणाऱ्या हौशी लोकांचा इतिहास वाचायला घेतला आणि त्यातच गुंतले. कारण जवळजवळ साठ वर्षं या मंडळींनी दुसऱ्या कुठल्या तरी धंद्याचा दिवा उसना आणला, आणि दर वेळी दिव्याबरोबर त्या धंद्याची मोजपट्टीही घरात आली.

प्रवाळाला उजेड लागतो, हे तरी कधी कळलं?

आपल्याला आज हे उघड वाटतं, पण ते कळायला शंभरेक वर्षं लागली. १८४६ मध्ये ॲना थाइन या बाईंनी इंग्लंडच्या टॉर्की किनाऱ्यावरून काही प्रवाळ लंडनला नेले आणि घरात जिवंत ठेवले. पाणी शिळं होऊ नये म्हणून त्या आपल्या मोलकरणीकडून ते उघड्या खिडकीपाशी एका भांड्यातून दुसऱ्यात ओतून घेत. पुढे त्यांनी समुद्री वनस्पती घालून पाहिल्या. त्यांच्या नोंदींत दिव्याची चिंता दिसत नाही, आणि दिसायचं कारणही नव्हतं. थंड पाण्यातले ते एकांडे प्रवाळ पोटात शेवाळ बाळगणाऱ्यांपैकी नव्हते. अंधारात ठेवले असते तरी जगले असते.

उष्ण समुद्रातल्या भित्ती बांधणाऱ्या प्रवाळांची गोष्ट वेगळी. त्यांच्या पेशींत सोनेरी-तपकिरी रंगाचं एकपेशीय शेवाळ राहतं. या पिवळ्या पेशी म्हणजे प्राण्याचाच भाग नसून वेगळे सजीव आहेत, हे १८८१ च्या सुमारास जर्मनीत कार्ल ब्रांट यांनी मांडलं आणि त्यांना झूझँथेला हे नाव दिलं. पण हे भाडेकरू घरमालकाला भाडं देतात का, आणि देत असले तर किती, हा वाद पुढची ऐंशी-नव्वद वर्षं चालला.

इथे १९२८-२९ च्या ग्रेट बॅरिअर रीफ मोहिमेवर जरा थांबू. ऑस्ट्रेलियाच्या ईशान्य किनाऱ्याजवळच्या लो आइल्स या इवल्याशा बेटांवर ब्रिटिश शास्त्रज्ञांचा गट वर्षभर राहिला. गटाचे नेते मॉरिस यंग, तेव्हा वय वर्षं २८. म्हणजे तुमच्या-माझ्याएवढे! त्यांची पत्नी मॅटी मोहिमेची डॉक्टर होती. त्यांनी प्रवाळ उजेड न शिरणाऱ्या पेट्यांत ठेवले, पाणी मात्र खेळतं राहू दिलं. अंधारात शेवाळ नाहीसं झालं, प्रवाळ पांढरे पडले, पण खायला तरंगते सूक्ष्मजीव मिळत राहिले तर जगले. यंग यांनी निष्कर्ष काढला की प्रवाळ हा पक्का मांसाहारी प्राणी आहे, शेवाळाकडून त्याला अन्न मिळत नाही, फार तर शेवाळ त्याचा टाकाऊ माल उचलतं.

प्रयोग खोटा नव्हता. आजही करून पाहिलात तर साधारण तेच दिसेल. पण त्यात मोजलं गेलं होतं ते 'जगणं'. वाढणं, सांगाडा बांधणं, भित्ती उभी करणं ही वेगळी गोष्ट होती. तुमच्या व्हायव्हात 'डिपेंडंट व्हेरिएबल हाच का निवडला?' असं कोणी विचारलं की मनात यंग यांची ती काळी पेटी आणा.

दुसरं टोक जपानी संशोधकांनी धरलं. पलाऊ बेटांवर त्यांचं उष्णकटिबंधीय जीवशास्त्र केंद्र होतं. तिथे शिरो कावागुती यांनी प्रवाळ किती ऑक्सिजन सोडतो आणि किती घेतो ते वेगवेगळ्या उजेडात मोजलं. १९३७ चा हा शोधनिबंध. उजेड अमुक एका पातळीच्या वर गेला की प्रवाळ खर्चापेक्षा जास्त ऑक्सिजन तयार करतो. त्या पातळीला आपण आज भरपाई बिंदू म्हणतो. मग आले किरणोत्सारी समस्थानिक. जमैकात थॉमस गोरो आणि त्यांची पत्नी नोरा यांनी कॅल्शियम-४५ वापरून १९५९ मध्ये दाखवलं की उजेडात प्रवाळ अंधाराच्या कित्येक पट वेगाने चुनखडी बसवतो. १९६९ मध्ये लिओनार्ड मस्कॅटीन आणि एल्सा सर्निचियारी यांनी कार्बन-१४ च्या मागावर राहून शेवाळाने बनवलेला माल थेट प्राण्याच्या पेशींत पोचलेला पकडला. भाडं मिळतं, आणि भरपूर मिळतं.

म्हणजे लक्षात घ्या, प्रवाळाला उजेड कशासाठी लागतो याचं पक्कं उत्तर यायला १९६९ उजाडलं. हौशी लोक तोवर थांबले नव्हते.

वॉट

सगळ्यात स्वस्त दिवा सगळ्यात आधी सापडला होता, आणि त्याला बिलच येत नव्हतं. जाकार्ताचे ली चिन एंग यांनी १९६१ मध्ये एका अमेरिकी मत्स्यपालन मासिकात आपली पद्धत लिहिली. समुद्राचं पाणी, जिवंत जीवजंतूंनी भरलेले खडक, हवेचे बुडबुडे आणि सूर्यप्रकाश. बस्स. फिल्टर नाही, दिवा नाही. आजच्या प्रत्येक रीफ टाकीचं बीज त्यात आहे. पण जे जाकार्ताच्या उन्हात जमलं ते हॅम्बुर्ग किंवा शिकागोच्या हिवाळ्यात कसं जमणार? आणि आपल्याकडे जमेल का, तर ऊन आहे, पण मे महिन्यात खिडकीतल्या छोट्या टाकीचं पाणी बघता बघता प्रवाळाला सोसणार नाही इतकं तापतं. मोठ्या टाकीत मात्र ऊन आजही चालतं. ऑस्ट्रेलियात टाउन्सव्हिलला १९८७ मध्ये उघडलेली सार्वजनिक प्रवाळ-टाकी मुद्दाम उघड्या आकाशाखाली बांधली होती.

थंड देशांतल्या हौशी लोकांनी हाताशी होती ती ट्यूबलाइट घेतली. ही अमेरिकेत १९३८ मध्ये बाजारात आली ती कारखाने आणि कचेऱ्या उजळायला. तिच्याबरोबर इलेक्ट्रिशियनचं एकक आलं, वॉट. त्यातून एक नियम रुळला : गॅलनमागे अमुक वॉट. साध्या माशांना एक-दोन, प्रवाळाला तीन ते पाच.

आज या नियमाला लोक हसतात. मला ते तितकंसं पटत नाही. वॉट म्हणजे दिवा किती वीज खातो, किती उजेड देतो ते नव्हे, हे खरंच. पण सगळ्यांच्या टाकीवर जवळपास एकाच जातीची ट्यूब असेल, टाक्यांची खोलीही फूट-दीड फुटाच्या आतबाहेर असेल, तर खाल्लेली वीज आणि प्रवाळावर पडलेला उजेड यांचं गुणोत्तर सगळीकडे साधारण सारखंच राहतं. निर्देशक म्हणून वॉट तेव्हा चालत होता. दिव्याची जात बदलली तेव्हा तो मोडला. आणि गंमत म्हणजे नियम मोडला तरी लोकांच्या तोंडात तो राहिलाच. आजही दुकानात जाऊन बघा, 'किती वॉटचा घेऊ?' हाच पहिला प्रश्न असतो.

केल्विन

१९८० च्या आसपास पश्चिम जर्मनीत, विशेषतः बर्लिनच्या हौशी मंडळींनी मेटल हॅलाइड दिवे टाकीवर टांगले. हा दिवा १९६० च्या दशकात जनरल इलेक्ट्रिकमध्ये गिल्बर्ट रायलिंग यांच्या कामातून आला होता. पाऱ्याच्या वाफेच्या दिव्यात धातूंची आयोडाइडं घातली की उजेड वाढतो आणि रंग सुधारतो. त्याची जागा स्टेडियममध्ये, गोदामांत, रस्त्यावर. पण एकाच बिंदूतून येणारा तो तीव्र झोत पाण्यात शिरला, तळावर लाटांच्या हलत्या रेघा उमटल्या, आणि त्याखाली फांद्यांचे कठीण प्रवाळ नुसते जगले नाहीत, वाढले. डीट्रिश श्ट्यूबर यांनी आपल्या टाकीत वाढलेल्या ॲक्रोपोराच्या फांद्या तोडून इतरांना वाटल्या. त्या एका प्रवाळाचे तुकडे पुढे युरोपभरच्या टाक्यांत गेले. यंग यांच्या पेटीचं हे उलट उत्तर म्हणायला हरकत नाही. इथे मोजली जात होती वाढ, फांदीच्या टोकावर, पट्टी लावून.

स्वस्त मात्र हे प्रकरण अजिबात नव्हतं. २५० वॉटचे दोन दिवे आठ तास लावले की रोजची ४ युनिटं, महिन्याची १२०. वर बॅलास्टचा खर्च. दिवे पाणी तापवतात म्हणून चिलर, चिलरची वीज वेगळी. आपापल्या बिलातला दर लावून बघा. एका फ्लॅटचं बिल एका टाकीने खाल्लं असं होतं.

या दिव्याबरोबर आलेलं एकक म्हणजे केल्विन. लोखंड तापवलं की आधी लाल, मग पिवळं, मग पांढरट दिसतं. तसा एखादा आदर्श काळा पदार्थ किती तापवला तर अशा रंगाचा दिसेल, ते तापमान म्हणजे रंग-तापमान. छायाचित्रकार आणि नेपथ्यवाले यांच्या कामाची वस्तू. रीफ टाकीवर आधी ६५०० केल्विनचे पिवळसर-पांढरे दिवे होते, मग १०००० चे, मग २०००० चे निळेशार. प्रवाळांचे रंग निळ्या उजेडात जास्त खुलतात, म्हणून आकडा जितका मोठा तितका दिवा भारी अशी समजूत झाली.

आता बघा, केल्विन हा रंगाचा आकडा आहे, तोही माणसाच्या डोळ्याला दिसणाऱ्या रंगाचा. त्यात प्रमाण कुठेच नाही. एकाच केल्विनच्या दोन दिव्यांचे वर्णपट पूर्ण वेगळे असू शकतात. आणि एकाच वॉटच्या दिव्यांत २०००० केल्विनचा दिवा ६५०० च्या मानाने प्रवाळाच्या कामाचे फोटॉन बऱ्याचदा खूपच कमी देत असे. लोक जास्त पैसे देऊन कमी उजेड घरी नेत होते, आणि खूश होते.

हे कळलं कसं? अमेरिकेच्या पेन स्टेट विद्यापीठातले औद्योगिक अभियांत्रिकीचे प्राध्यापक संजय जोशी, स्वतः हाडाचे प्रवाळ पाळणारे. १९९० च्या दशकाच्या अखेरीपासून त्यांनी बाजारातले मेटल हॅलाइड दिवे एकेक करून स्पेक्ट्रोरेडिओमीटरखाली घेतले. दिवा तोच, बॅलास्ट बदला. बॅलास्ट तोच, दिवा बदला. अंतर तेच ठेवा, परावर्तक बदला. निकाल शोधपत्रिकेत न छापता हौशी लोकांच्या मासिकांत छापले. नवा सिद्धांत काही नाही, फक्त चिकाटीने केलेलं मोजमाप. पण त्यामुळे दुकानदाराचं बोलणं आणि गिऱ्हाइकाचा खिसा यांच्यामध्ये पहिल्यांदा एक तक्ता आला. पीएचडीत आपण 'नॉव्हेल्टी, नॉव्हेल्टी' करत बसतो म्हणून हे मुद्दाम सांगते.

याच काळात निळ्या ॲक्टिनिक ट्यूबाही रूढ झाल्या होत्या. ४२० नॅनोमीटरच्या आसपास उजेड देणाऱ्या या ट्यूबा मुळात आराखड्यांच्या डायझो प्रती काढण्यासारख्या प्रकाश-रासायनिक कामांसाठी होत्या. आणखी एक उसना दिवा.

लक्स, आणि डोळ्याने केलेला दगा

ज्यांना मोजायची खरी इच्छा होती ते लक्समीटर आणत, कारण तो स्वस्त होता. आज तर फोनमध्येच असतो. लक्स हे एकक माणसाच्या डोळ्यावर बेतलेलं आहे. डोळा ५५५ नॅनोमीटरच्या हिरवट-पिवळ्या उजेडाला सगळ्यात जास्त जागा असतो. तिथे वजन १ धरलं, तर ४५० नॅनोमीटरच्या निळ्याला लक्सच्या हिशोबात मिळतात शंभरात जेमतेम चार गुण. ४२० ला तर अर्धा गुणसुद्धा नाही. आता प्रवाळातल्या शेवाळाकडे पाहा. त्याच्याकडे क्लोरोफिल ए आणि सी२ आहेत, शिवाय पेरिडिनिन नावाचं रंगद्रव्य. तिघं मिळून निळा ते निळा-हिरवा पट्टा आधाशासारखा शोषतात. त्याचं कारण सरळ आहे. समुद्राचं पाणी लाल उजेड पहिल्या काही मीटरांतच गिळतं, खाली उरतो तो निळा. म्हणजे प्रवाळासाठी जो उजेड सगळ्यात कामाचा, त्यालाच लक्समीटर नापास करतो.

योग्य एकक शेतीतून आलं. टेक्सासमध्ये कीथ मॅक्री यांनी २२ जातींच्या पिकांची पानं घेऊन कोणत्या तरंगलांबीला किती प्रकाशसंश्लेषण होतं ते मोजलं आणि १९७२ मध्ये प्रसिद्ध केलं. त्यातून ४०० ते ७०० नॅनोमीटरमधला प्रत्येक फोटॉन सारखाच मोजायचा ही रीत पक्की झाली. यालाच आपण पार म्हणतो. एकक : दर चौरस मीटरला दर सेकंदाला इतके मायक्रोमोल फोटॉन. भर दुपारचं ऊन साधारण २०००, लक्समध्ये लाखाच्या थोडं वर. इथून पुढे मी नुसतं 'मायक्रोमोल' म्हणेन.

हीसुद्धा उसनीच मोजपट्टी आहे बरं का. गहू-मक्याच्या पानांवर बेतलेली. ४०० च्या खालचा जांभळा उजेड ती मोजतच नाही, आणि हिरव्या फोटॉनला निळ्याएवढाच मान देते, जो प्रवाळ देत नाही. तरीही वॉट, केल्विन, लक्स या तिघांपेक्षा ती कितीतरी जवळची आहे, कारण ती निदान फोटॉन मोजते, आणि दिव्यापाशी न मोजता प्रवाळ बसला आहे तिथे मोजते.

मोजपट्टी बदलली तसा प्रश्नही बदलला. 'दिवा किती मोठा?' ऐवजी 'प्रवाळाला किती पुरे?' असं लोक विचारू लागले. प्रकाशसंश्लेषणाचा वक्र आपण बीएस्सीला काढलेला असतो. उजेड वाढवत गेलं की सुरुवातीला उत्पादन सरळ रेषेत वाढतं, मग वाकतं, मग सपाट होतं, आणि फारच वाढवलं तर खाली येतं. बरेच प्रवाळ १०० ते ४०० मायक्रोमोलच्या दरम्यान कुठेतरी सपाट होऊ लागतात. म्हणजे २००० चं ऊन घरात आणायच्या हट्टापायी लोकांनी जो पैसा घातला, त्यातला बराचसा वक्राच्या सपाट भागावर खर्च होत होता. तिथून पुढे वाढतं ते फक्त वीजबिल आणि प्रवाळाचा ताण. मऊ प्रवाळ आणि झोअँथिड यांना ५० ते १५० मायक्रोमोल पुरतात, मोठ्या पॉलिपच्या कठीण प्रवाळांनाही साधारण तितकेच. फांद्यांच्या ॲक्रोपोराला २०० ते ३५० लागतात. हे हौशी लोकांचे रुळलेले आकडे आहेत, जातीजातीत फरक पडतो, पण खरेदीला निघायला पुरेसे आहेत.

स्वस्ताई आली कुठून?

१९९३ मध्ये जपानच्या निचिया कंपनीत शुजी नाकामुरा यांनी प्रखर निळा एलईडी तयार केला. आकासाकी आणि अमानो यांच्यासह २०१४ चं नोबेल त्यांना मिळालं ते माहीत असेलच, जनरल नॉलेजला हमखास विचारतात. प्रवाळाच्या दृष्टीने महत्त्वाची गोष्ट पुढची. घरातला पांढरा एलईडी बल्ब म्हणजे मुळात ४५० नॅनोमीटरची निळी चिप आणि तिच्यावर पिवळसर लेप. जगभरच्या बल्बांसाठी, टीव्हींसाठी, मोबाइलच्या पडद्यांसाठी हीच निळी चिप अब्जावधींनी बनू लागली. लेप लावायचा राहू द्या, की झाला प्रवाळाचा दिवा! शेवाळाला जी तरंगलांबी हवी, नेमकी तीच माणसाने स्वतःच्या बल्बसाठी स्वस्त केली. प्रवाळासाठी हे कोणी केलं नाही.

मधला काळ मात्र सुरळीत गेला नाही. अमेरिकेत सोलारिस नावाचा एलईडी दिवा २००६ च्या सुमारास आला, महागडा. त्याच वेळी अवकाशात रोपं वाढवायच्या एलईडीवर काम केलेल्या विस्कॉन्सिनच्या ऑर्बिटेक कंपनीला समुद्री टाकीच्या एलईडी प्रकाशव्यवस्थेचं पेटंट २००७ मध्ये मिळालं. पेटंटचा वाद झाला आणि सोलारिस बाजारातून गेला. मग हौशी लोक स्वतःच कामाला लागले. ॲल्युमिनियमचा हीट सिंक, त्यावर डकवलेले क्रीचे एलईडी, मीन वेलचा ड्रायव्हर, आणि सोल्डरिंग. त्यांच्या मागून चिनी कारखान्यांच्या काळ्या पेट्या आल्या, ज्यावर १६५ वॉट लिहिलेलं असतं आणि प्रत्यक्ष ओढ त्याहून बरीच कमी असते. दिसायला ओबडधोबड, पंख्याचा आवाज करणाऱ्या, पण त्यांनीच नवशिक्याला दार उघडून दिलं.

आणि जुनी सवय पुन्हा चावली. निळा एलईडी डोळ्याला मंद वाटतो, का ते वर आलंच आहे. मेटल हॅलाइडच्या लख्ख झोताला सरावलेल्या लोकांनी नव्या दिव्याचं बटण 'नीट दिसेपर्यंत' फिरवलं, आणि त्याखाली वर्षानुवर्षं सुखाने वाढलेले प्रवाळ पांढरे पडले. उजेड कमी पडल्यामुळे नव्हे, जास्त झाल्यामुळे. हातात मीटर नव्हता, मोजणारा डोळा होता, आणि डोळा म्हणजे तोच लक्समीटर.

आता हिशोब

दोन फूट बाय एक फूट बाय एक फूट अशी टाकी धरा. सुमारे ५७ लिटर, म्हणजे १५ अमेरिकी गॅलन. वरून क्षेत्रफळ ०.१९ चौरस मीटरच्या आत. मऊ प्रवाळ आणि थोडे मोठ्या पॉलिपचे, म्हणून सरासरी १५० मायक्रोमोल धरू, थोडं सढळ हातानेच. १५० गुणिले ०.१८६ म्हणजे दर सेकंदाला २८ मायक्रोमोल फोटॉन प्रवाळांपर्यंत पोचायला हवेत. काचेबाहेर सांडणं, पाण्याच्या पृष्ठभागावरून परतणं, कोपरे, या सगळ्यात अर्धे गेले म्हणू. मग दिव्यातून ५६ निघायला हवेत. साधा, फार भारी नसलेला एलईडी दर ज्यूलला दीड मायक्रोमोल देतो असं धरलं, तर ५६ भागिले १.५, म्हणजे सुमारे ३७ वॉट.

हाच हिशोब ट्यूबने करा. तिची क्षमता दर ज्यूलला ०.९ च्या आसपास धरा. येतात ६२ वॉट. आणि जुना नियम? १५ गॅलन गुणिले ३ ते ५, म्हणजे ४५ ते ७५ वॉट. बरोबर मधे! म्हणूनच वर म्हटलं, त्या नियमाला हसू नका. ट्यूबच्या काळात तो जवळपास अचूक होता. फक्त त्याच नियमाने आज एलईडी विकत घेतला तर ७५ वॉटचा घेतला जाईल, दुप्पट पैसे जातील, आणि प्रवाळ भाजतील.

तेव्हा दोन फुटी टाकीवर सुरुवातीला ३० ते ४० वॉटचा, निळा आणि पांढरा वेगवेगळा कमी-जास्त करता येणारा एलईडी पुरतो. त्या एका सोयीसाठी थोडे जास्त पैसे जरूर द्या, कारण दिवा कमी करता येणं ही चैन नाही. ॲप, ढगांचे खेळ, विजा चमकवणं यांना एक पैसाही देऊ नका. लाल आणि हिरवे एलईडी भरपूर असलेले 'फुल स्पेक्ट्रम' दिवे रोपांसाठी ठीक आहेत, इथे टाळा. १०० मायक्रोमोल दिवसाला दहा तास दिलेत तर दिवसभरात ३.६ मोल होतात. आधी याच्या निम्म्याने सुरू करा आणि तीन-चार आठवड्यांत वाढवत न्या.

पार मीटर विकत घेऊ नका, तो दिव्यापेक्षा महाग पडेल. जवळच्या कॉलेजच्या वनस्पतिशास्त्र किंवा समुद्रशास्त्र विभागात असतो. रीतसर विचारून एका दुपारपुरता मागा. त्यात एक मेख आहे. जुन्या सेन्सरांपैकी काही निळा उजेड कमी दाखवतात, आणि हवेसाठी कॅलिब्रेट केलेला सेन्सर पाण्याखाली कमी वाचन देतो, त्यासाठी गुणक लागतो. आधी पुस्तिका वाचा आणि सेन्सर खरंच पाण्यात बुडवायचा आहे का तेही बघा. टाकीचा तळ चौकोनांत आखून प्रत्येक चौकोनात वाचन घ्या. मध्यभागी २०० आणि कोपऱ्यात ४० असं हमखास निघतं. मग दिवा चार-सहा इंच वर उचला, झोत पसरतो, मधलं वाचन उतरतं, कोपरे थोडे सुधारतात. जे प्रवाळ कमी उजेडावर भागवतात ते कोपऱ्यात लावायचे. अशाने स्वस्त दिव्यातूनही काम निघतं.

प्रवाळ आणायचे कुठून, हेही पाहा. कठीण प्रवाळ, समुद्रपंखे, काळे प्रवाळ हे सगळे २००१ पासून वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहेत. मालवणच्या किंवा गोव्याच्या ग्रँड बेटाच्या खडकावरून नखाएवढा तुकडा उचलणं हाही गुन्हा आहे. बाहेरून येणारे कठीण प्रवाळ साइट्स कराराच्या दुसऱ्या परिशिष्टात येतात, तेव्हा विक्रेत्याकडे कागद मागा, नसतील तर उठून या.

मालवणचं नाव निघालंच आहे, तर ज्यांना खरोखर संशोधनाचा विषय हवा आहे त्यांच्यासाठी. टाक्यांसाठीचे आपले सगळे आकडे स्वच्छ, निळ्या पाण्यातल्या प्रवाळांच्या अनुभवातून आलेले आहेत. कोकणातले प्रवाळ पावसाळ्यात आठवडेच्या आठवडे गढूळ, हिरवट-पिवळ्या पाण्यात राहतात, जिथे निळाच आधी हरवतो. त्या प्रवाळांचा वक्र कुठे वाकतो? मोजायला परवानगी लागेल, एक पाण्याखालचा सेन्सर लागेल, आणि जुलैत जायला तयार असलेली होडी.